क्षणात निर्णय घेणारा तोच नेता का?

'नेतृत्वाचे पाच नियम' या मथळ्याचा एक संदेश लातूर-नांदेडकडच्या व्हॉट्सॲप गटांतून बराच काळ फिरतो आहे, आणि माझ्याकडे तो निदान आठ जणांनी पाठवला आहे. त्यांत दोन निवृत्त मुख्याध्यापक आहेत. नियम असे आहेत: नेता जन्माला यावा लागतो, तो घडवता येत नाही. खरा नेता आतल्या आवाजावर क्षणात निर्णय घेतो, चारचौघांना विचारत बसतो तो कारकून. संकटात एकाचाच आवाज चालला पाहिजे. घेतलेला निर्णय फिरवणे हा दुबळेपणा होय. आणि निकाल चांगला आला की निर्णय बरोबर होता असे समजावे. खाली वाघाचे चित्र आहे.

अशा संदेशांना उत्तर देत बसण्याचा माझा स्वभाव नाही. परंतु नव्या सरपंचांच्या प्रशिक्षणात मी अधूनमधून शिकवायला जातो, आणि गेल्या खेपेस एका तरुण सरपंचाने हाच संदेश मोबाइलवर उघडून माझ्यासमोर धरला. त्याच्या गावाला पिण्याच्या पाण्यासाठी एक बोअर घ्यायचा होता आणि जागा दोन सुचवल्या गेल्या होत्या. त्यांपैकी एक पाणाड्याने तळहातावर नारळ उभा करून दाखवली होती. "सर, मी ठरवून टाकलंय," तो म्हणाला, "ग्रामसभेत कशाला उगाच काथ्याकूट?" म्हणजे हा संदेश आता केवळ सुविचार राहिलेला नाही, त्याच्या आधारावर गावाचा पैसा जमिनीत घालण्याची तयारी चालू आहे. म्हणून हे उत्तर.

पहिल्या नियमाला फार जागा देण्याची गरज नाही. मराठवाड्याला नेतृत्वाचे उदाहरण बाहेरून आणावे लागत नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे संन्यास घेण्यापूर्वीचे व्यंकटेश खेडगीकर. कामगार चळवळीत ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केल्यानंतर ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईला शिक्षक व मुख्याध्यापक होते. १९३८ च्या सत्याग्रहात आणि पुढे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतच्या लढ्यात त्यांच्याभोवती जी माणसे उभी राहिली, त्यांतली कितीतरी याच शाळांच्या वर्गांतून आलेली होती. शाळेत घडवलेली माणसे लढ्यात उभी राहत असतील, तर नेता घडवता येत नाही हे विधान निदान अंबाजोगाईत तरी कोणी करू नये.

दुसरा नियम सर्वांत लोकप्रिय आहे, आणि संदेशात त्याच्या पुराव्यादाखल धोनी आहे. २४ सप्टेंबर २००७ रोजी टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला शेवटच्या षटकात १३ धावा हव्या असताना त्याने अनुभवी हरभजनला बाजूला ठेवून जोगिंदर शर्माच्या हाती चेंडू दिला, भारत ५ धावांनी जिंकला, आणि हा सगळा आतल्या आवाजाचा चमत्कार ठरला. सामना पुन्हा नीट पाहावा. हरभजनच्या आधीच्या षटकात मिसबाहने तीन षटकार मारलेले होते. जोगिंदरने दोनच दिवसांपूर्वी ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात शेवटचे षटक टाकून सामना राखलेला होता. कर्णधारापुढे दोन अपुरे पर्याय होते आणि त्याने हाताशी असलेली माहिती पाहून त्यातला एक निवडला. त्याला वेळ कमी मिळाला हे खरे, पण म्हणून तो निर्णय माहितीविना घेतला होता असे होत नाही.

आतला आवाज नसतोच असे मला म्हणायचे नाही. अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांवर गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात अभ्यास केला तेव्हा त्यांतले बरेच जण सांगत की आम्ही पर्यायांची तुलना करतच नाही, काय करायचे ते आम्हाला दिसते. परंतु त्यांना जे दिसत होते ते वर्षानुवर्षे विझवलेल्या आगींमुळे दिसत होते. पुढे २००९ मध्ये क्लाइन आणि त्यांचे मोठे विरोधक डॅनियल काहनेमन यांनी एकत्र लिहून दोन अटी मांडल्या: ज्या क्षेत्रात घटनांना काही नियमितपणा आहे आणि आपला अंदाज चुकला की बरोबर होता हे माणसाला लवकर व स्पष्ट कळते, तिथेच अंतःप्रेरणेवर विसंबावे. आग विझली की वाढली हे काही मिनिटांत कळते. सुईणीला, रोज गाडी चालवणाऱ्याला, भाव बोलणाऱ्या आडत्याला असा सराव मिळतो. सरपंचाला मिळत नाही, कारण बंधारा योग्य जागी बांधला होता का हे तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात कळते, आणि तोवर खुर्चीत दुसराच कोणी असतो.

पाणाड्याचेही तेच आहे. लागलेले पाणी गावभर सांगितले जाते आणि कोरडा गेलेला बोअर ज्याच्या शेतात आहे त्याच्यापुरताच उरतो, त्यामुळे पाणाड्याला आपण किती वेळा चुकलो हे कधी मोजावेच लागत नाही. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत असते. ते हातभर इकडे असते आणि तिकडे नसते, म्हणून नशिबाने मिळालेले यशही कसबासारखे दिसते.

क्षणात निर्णय घेणारा माणूस मी लहानपणापासून घरात पाहिलेला आहे, आणि त्याच्यामुळेच हा नियम मला अर्धवट वाटतो. आमचे वडील पेरणीचा निर्णय एका संध्याकाळी घेत. पाऊस उघडला, शेताला वापसा आला की रात्रीच ट्रॅक्टरवाल्याला निरोप जाई आणि सकाळी तिफण चाललेली असे. पाहणाऱ्याला वाटावे, काय हा धडाका! पण त्याच्या कितीतरी आधी आई ओसरीवर गोणपाटाचा ओला तुकडा पसरून त्यावर सोयाबीनचे शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडत असे, वर दुसरे ओले गोणपाट घालून त्याची गुंडाळी सावलीत ठेवत असे, आणि आठवडाभर त्यावर पाणी शिंपडून मग ती उलगडून मोड मोजत असे. सत्तरच्या वर उगवले तर नेहमीचे बियाणे, एकरी तीस किलो. त्याहून कमी उगवले तर त्या हिशेबाने जास्त, आणि फारच कमी असेल तर बियाणेच बदलायचे. इकडे वडील पहिल्या पावसानंतर रोज बांधावर जाऊन ओल वीतभर खाली गेली का ते हाताने उकरून पाहत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये ही कृषी विद्यापीठाची शिफारस त्यांना पुढे कळली आणि तिचे त्यांना विशेष काही वाटले नाही. थोडक्यात, त्या संध्याकाळी ठरवायचे फार थोडे उरलेले असे. शिवाय ही सगळी सावधगिरी पेरणीसाठी होती. दोन कोळपण्या घ्यायच्या की तीन, यावर घरात कधी चर्चा झाल्याचे मला आठवत नाही, कारण कोळपणी राहिली तर आठवड्याने करता येते, मातीत घातलेले बियाणे मात्र परत काढता येत नाही. निर्णय किती वेगाने घ्यावा हे माणसाच्या बाणेदारपणावर ठरू नये, चुकला तर परतीची वाट आहे का यावर ठरावे. मला या संदेशाला द्यायचे उत्तर मुख्यतः एवढेच आहे, आणि पुढचे मुद्दे त्याच्याच अनुषंगाने येतात.

तिसरा नियम, संकटात एकाचाच आवाज. याचे सर्वांत भीषण उत्तर विमानवाहतुकीच्या इतिहासात आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमाने एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मेली. उड्डाण सुरू करणारा केएलएमचा कप्तान त्या कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ वैमानिक होता. त्याच्या मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का, अशी शंका बोलून दाखवली होती, कप्तानाने ती ठामपणे झटकली, आणि हाताखालच्या माणसाने पुन्हा तोंड उघडले नाही. अशा अपघातांनंतर कनिष्ठाने शंका स्पष्ट बोलावी आणि ज्येष्ठाने ती ऐकावी याचे रीतसर प्रशिक्षण वैमानिकांना देणे सुरू झाले. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड या अमेरिकी कंपनीच्या २३२ क्रमांकाच्या विमानाची सर्व हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे विमान वळवण्या-उतरवण्याची नेहमीची सोय, हवेतच निकामी झाली, तेव्हा कप्तान अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही कॉकपिटमध्ये घेतले आणि त्याच्या हाती इंजिनांचा जोर कमी-जास्त करणारे थ्रॉटल दिले. अशा अवस्थेतल्या विमानातले २९६ पैकी १८४ जण वाचले. आपल्यापैकी कोणाकडेच अशा प्रसंगाचा अनुभव नव्हता, मग माझेच डोके सर्वांत शहाणे का मानावे, अशा आशयाचे हेन्स पुढे सांगत असत. शस्त्रक्रियागृहातही हेच घडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९ कलमी तपासणी यादीत चीर देण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे असते, कारण ज्याने एकदा तोंड उघडले आहे तो पुढे चूक दिसल्यावर बोलण्याची शक्यता वाढते. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

या नियमाच्या समर्थकांना किल्लारीच्या भूकंपाची आठवण हटकून येते, म्हणून त्याच्याविषयीही लिहिले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. त्यानंतरच्या पहिल्या दिवसांत ढिगारे उपसणे, जखमींना हलवणे, पावसात उघड्यावर पडलेल्यांना अन्न आणि पत्र्याचा निवारा देणे, ही कामे हुकमानेच झाली आणि तशीच व्हायला हवी होती. पण संकट त्या दिवसांत संपले नाही. बावन्न गावे नव्या जागी वसवायची हा परत न फिरणारा निर्णय होता, आणि नव्या गावांचे चौकटी आखून केलेले रुंद रस्ते, एकमेकांपासून लांब गेलेली घरे आणि मोडलेल्या गल्ल्या-भावक्या यांच्या तक्रारी त्या भागात गेले की आजही ऐकू येतात. याउलट कमी नुकसान झालेल्या गावांत घरांच्या दुरुस्तीचा पैसा टप्प्याटप्प्याने घरमालकाच्याच हाती गेला, अभियंत्याने मार्ग दाखवला, आणि गावातल्याच बायका 'संवाद सहायक' म्हणून शासन आणि घर यांच्यामध्ये उभ्या राहिल्या. भूकंप तोच आणि प्रशासनही तेच असताना एका कामाला हुकूम लागला आणि दुसऱ्याला बैठक लागली. या दोहोंतला फरक ओळखणे हेच तिथले नेतृत्व होते.

निर्णय फिरवणे म्हणजे दुबळेपणा, हा चौथा नियम लिहिणाऱ्याने विमानात बसताना तरी वैमानिकाने तो पाळू नये अशी प्रार्थना करावी. प्रत्येक उड्डाणापूर्वी वजन, वारा, धावपट्टी यांवरून एक वेग काढून ठेवलेला असतो. त्या वेगाच्या आत बिघाड दिसला तर थांबायचे, तो ओलांडल्यावर थांबायचे नाही. निर्णय कधी फिरवायचा हे निर्णय घेण्याआधीच ठरलेले असते, त्यामुळे तो फिरवताना कोणाच्या अभिमानाला धक्का लागत नाही. आपल्या कृषी खात्याचे आपत्कालीन पीक नियोजन याच जातीचे आहे. पाऊस लांबला आणि जुलैचा पहिला आठवडा उलटला की मूग-उडदाचा नाद सोडायचा, आणखी लांबला की तुरीसारख्या पिकाकडे वळायचे. दरवर्षी काही जण "आता ठरवलंय तर पेरतोच" म्हणून पेरतात आणि दुबार पेरणीसाठी उसनवारी करतात. त्यांना आजवर कोणी कणखर म्हटलेले नाही.

निकाल चांगला तर निर्णय बरोबर, या पाचव्या नियमाचे खंडन वडिलांच्या बांधावरच झालेले होते. शेजाऱ्यांनी एके वर्षी जेमतेम पावसावर पेरले, मागोमाग झड लागली आणि त्यांचे सोयाबीन शिवारात सर्वांत आधी निघाले. पुढच्या वर्षी त्यांनी तेच केले आणि सगळे रान करपले. निर्णय दोन्ही वर्षी एकच होता, पाऊस वेगळा होता. २००७ चा तो अंतिम सामना ज्या झेलाने संपला, तो मिसबाहने मागे उचललेला चेंडू श्रीशांतच्या हाताबाहेर जरा पडला असता तर आज तोच संदेश जोगिंदरला षटक देण्याच्या चुकीवर लिहिलेला असता.

त्या सरपंचाला मी यातले काही फार सांगितले नाही. त्याला फक्त एवढे विचारले की गावातल्या कोणत्या विहिरींना मे महिन्यातही पाणी असते, आणि त्याला ते नेमके सांगता आले नाही. ग्रामसभेत मात्र एका म्हाताऱ्या बाईंनी बसल्या जागी तीन विहिरी सांगितल्या, एकीचे पाणी कोणत्या वर्षी आटले होते तेही सांगितले, आणि त्यांतली एकही पाणाड्याच्या जागेच्या बाजूला नाही हे तेव्हा सर्वांच्या लक्षात आले. आता भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला पाहणीसाठी पत्र गेले आहे. पाणाड्यालाही त्याच दिवशी बोलावले आहे. दोघांनी एकमेकांशी बोलण्याआधी आपापली जागा आणि पाणी किती फुटांवर लागेल ते कागदावर लिहून ग्रामसेवकाकडे द्यायचे, असा ठराव सरपंचाने स्वतः मांडला आणि तो इतिवृत्तात नोंदवून घेतला.