स्वयंसेवकांना नुसते फोटो काढायला बसवू नका

पुरावस्तूंच्या नोंदीसाठी स्वयंसेवक घ्यावेत, पण त्यांना फोटो काढण्यासारखी सोपी कामंच द्यावीत, असं लेखात म्हटलंय. पहिलं शंभर टक्के पटलं, दुसरं अजिबात नाही.

मी हे काम करते. फोटो सोपा? शेजारी मोजपट्टी हवी, प्रकाश वरच्या डाव्या बाजूने तिरपा यायला हवा, नाहीतर झिजलेल्या नाण्यावरची अक्षरं उमटतच नाहीत. मग वजन, जाडी, धातू आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे वस्तू नेमकी कुठे, मातीच्या कोणत्या थरात सापडली. ते नसेल तर सुंदर वस्तूही अभ्यासाला फारशी उपयोगी पडत नाही.

खापरावर क्रमांक घालायचा तो आतल्या बाजूला, बारीक अक्षरात. नक्षीवर नाही आणि तुटलेल्या कडेवर तर मुळीच नाही, कारण तीच कड पुढे दुसऱ्या तुकड्याशी जुळवून पाहायची असते. गंजलेलं लोखंड धुवायला घ्यायचं नाही. हे कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं, आणि शिकवलं की माणसं मन लावून करतात.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम' सुरू आहे. सर्वसामान्यांना सापडलेल्या १५ लाखांहून अधिक वस्तू तिथे नोंदवल्या गेल्यात, आणि त्यात प्रशिक्षित स्वयंसेवकांचाही हात आहे. तज्ज्ञ नोंदी तपासतातच. मग वर्णन लिहायचं काम आम्हा स्वयंसेवकांकडे द्यायला हरकत काय? प्रशिक्षण कसं असावं, यावर लेखकाने पुढे जरूर लिहावं.