मागचे ड्रम ‘नुसते पुसून लावले’ या आक्षेपाबाबत

सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय मी रविवारी रात्री वाचला. गाडी सांगितल्यापेक्षा एक दिवस उशिरा मिळाली आणि घरच्या मंडळींसह वणीच्या गडावरून उतरताना करपल्याचा वास येऊन आपण धास्तावलात, याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. परंतु ‘ब्रेक अपग्रेड करतो म्हणून ८,००० रुपये घेतले आणि मागचे जुने ड्रम नुसते पुसून परत लावले’ हे आपले वाक्य मला तसेच सोडता येत नाही. पाथर्डी फाट्याजवळ गेली १६ वर्षे मी हे गॅरेज चालवतो. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसे एकमेकांच्या सांगण्यावरून येतात आणि ब्रेकच्या कामात फसवणूक केली असा शब्द ज्याच्या नावापुढे लागला, त्याच्या दारात कोणी आपली गाडी उभी करणार नाही.

आपली सँट्रो २००७ सालची आहे. तिला पुढे डिस्क ब्रेक (फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात) आणि मागे ड्रम ब्रेक (फिरणाऱ्या डब्याला आतून शू दाबतात) आहेत. मागेही डिस्क बसवून द्या आणि सगळा खर्च ८,००० च्या आत बसवा, अशी आपली मागणी होती, आणि त्याच दिवशी मी नकार दिला होता. ब्रेक लागताना गाडीचे वजन पुढे झुकते, त्यामुळे थांबवण्याचे बहुतांश काम पुढची चाके करतात; मागे डिस्क लावायची तर कॅलिपर (पॅड दाबणारा भाग), त्याचे ब्रॅकेट, हँडब्रेकची वेगळी जोडणी आणि पुढच्या-मागच्या दाबाचे प्रमाण हे सगळेच बदलावे लागते. एवढ्या पैशांत ते करायचे म्हणजे भंगारातले सुटे भाग जुळवणे आले, आणि ते प्रमाण चुकले तर ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी जाम होऊन गाडीची शेपूट फिरते. पैसे मिळतात म्हणून असे काम मी आजवर केलेले नाही. त्याऐवजी पुढच्या डिस्कची नवी जोडी २,६०० रुपये, पॅड १,१५०, पुढचे दोन होज पाइप (ब्रेक ऑइलच्या रबरी नळ्या) ७६०, ब्रेक ऑइल ४५० आणि मजुरी १,८०० असे ६,७६० रुपयांचे एस्टिमेट मी दिले व आपण ते मान्य केले.

आता ड्रमविषयी. मागचे काम एस्टिमेटमध्ये नव्हते, फक्त तपासणी होती. डाव्या चाकाचा ड्रम उघडला तेव्हा व्हील सिलिंडरचे (ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या भागाचे) रबर गळत होते आणि दोन्ही शू ऑइलने भिजलेले होते. भिजलेला लायनर (शूवरचा घासणारा थर) पुसून, वाळवून किंवा पॉलिश पेपर मारून पुन्हा चालत नाही, आणि एकाच बाजूचे शू बदलले तर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते. म्हणून दोन्ही बाजूंचे शू (७५० रुपये) व दोन्ही सिलिंडर (६८० रुपये) बदलणे भाग होते. ड्रमच्या आतला व्यास मोजला असता तो ड्रमवर कोरलेल्या कमाल मर्यादेच्या आत भरला, आत खाचाही नव्हत्या, मग आणखी पैसे घेऊन चांगले ड्रम टाकून देण्यात काय अर्थ होता? बाहेरून पाहणाऱ्याला जुनाच ड्रम दिसतो हे खरे, पण त्याच्या आत ब्रेक लावणारी प्रत्येक वस्तू नवी आहे. उघडलेल्या चाकाचे फोटो मी सकाळी साडेअकराला व्हॉट्सॲपवर पाठवले होते, त्यानंतर तीन वेळा फोनही केला. आपण कामात असाल, परंतु होकार संध्याकाळी पाच वाजता मिळाला आणि तो मिळेपर्यंत परस्पर खर्च वाढवणे मला योग्य वाटले नाही. उशीर झाला तो एवढ्यासाठीच. एकूण बिल ८,१९० रुपये झाले असताना आपली मर्यादा लक्षात घेऊन मी ८,००० च घेतले.

पेडल ‘पूर्वीपेक्षा कडक’ लागते, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. जुने होज पाइप दाबाने फुगत असत आणि शूचे ॲडजस्टमेंट ढिले होते, म्हणून पेडल मऊ वाटत असे व खोल जात असे. शिवाय नवे पॅड नव्या डिस्कवर बसेपर्यंत थोडा जास्त जोर लागतो. पहिले २००-३०० किलोमीटर जोरात ब्रेक टाळावा आणि घाटात जाऊ नये, असे आमच्या मेकॅनिकने चावी देताना सांगितले होते. आपण दुसऱ्याच दिवशी पाच माणसे घेऊन गडावर गेलात आणि उतरताना पेट्रोल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली होती, असे आपणच फोनवर म्हणालात. या गाडीत उतारावर गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला जाणारे पेट्रोल जवळजवळ बंद होते, त्यामुळे न्यूट्रलने काहीच वाचत नाही, उलट सगळा भार ब्रेकवर येतो. तरीही पेडल खाली गेले नाही, हे आपल्याच अभिप्रायात आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरत जातो; तापून ते उकळले की पेडल खाली जाते. नवे डॉट ४ दर्जाचे ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, आपल्या गाडीतून निघालेले ऑइल मात्र काळे पडलेले होते. त्या ऑइलवर तो घाट आपण उतरला असतात, या विचाराने मला अजूनही अस्वस्थ वाटते.

आमचेही चुकले. नव्या पॅडविषयीची सूचना तोंडी न देता लिहून द्यायला हवी होती. यापुढे ती बिलासोबत देण्याची व्यवस्था करत आहोत, आणि कामाच्या वेळेबाबतही लक्ष घालू. आपण सवडीने कोणत्याही दिवशी गाडी घेऊन या. चारही चाके आपल्यासमोर उघडून पॅड तापून चकाकले असतील तर ते विनामूल्य घासून किंवा बदलून देईन. आपले भिजलेले जुने शू आणि दोन्ही सिलिंडर पिशवीत बांधून, गाडीचा नंबर लिहून, मी अजून ठेवलेले आहेत.

आपला,
गॅरेजमालक, नाशिक