2051 मध्ये 242 कोटी? हा हिशोब चुकीचा आहे

सध्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की 1971 ला भारताची लोकसंख्या 54.8 कोटी होती, 2011 ला 121 कोटी झाली, म्हणजे 40 वर्षांत दुपटीच्या वर, म्हणून 2051 ला परत दुप्पट होऊन 242 कोटी. जनगणनेचे आकडे बरोबर आहेत हो, पण पुढचं गणित नाही.

दुप्पट व्हायला तेवढीच वर्षं तेव्हाच लागतात जेव्हा वाढीचा दर तोच राहतो. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर एलएन (ln, म्हणजे नैसर्गिक लॉग) बटण असतं, करून बघा: 1961-71 ला दहा वर्षांत 24.8% वाढ, म्हणजे 1.248 पट, त्याचा एलएन 0.22, दहाने भागून वर्षाला साधारण 2.2%, आता 0.693 ला (हा 2 चा, म्हणजे दुपटीचा एलएन) 0.022 ने भागा, साडेएकतीस वर्षं. तेच 2001-11 ला वाढ 17.7%, तर 42 च्या पुढे जातं. म्हणजे दुपटीचा काळच लांबत चाललाय, आणि लॉग स्केलवर (जिथे प्रत्येक दुपटीला सारखंच अंतर असतं) ग्राफ काढला तर सरळ रेष न येता ती खाली वाकते. महाराष्ट्रात तर त्या दशकात वाढ 16%च होती.

2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 2.0 वर आलाय. तरुण जास्त असल्याने लोकसंख्या अजून काही वर्षं वाढेलच, पण संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अंदाजानुसार 2060 च्या दशकात 170 कोटींच्या आसपास जाऊन मग उतरेल. मेसेज पुढे पाठवला असेल तर प्लीज त्याच ग्रुपवर हेही टाका.