39 डॉलर 60 सेंट

'चोरी चोरी' (1956) आणि 'दिल है कि मानता नहीं' (1991) ज्या सिनेमावरून आले, त्या फ्रँक काप्राच्या 'इट हॅपन्ड वन नाइट'विषयी (1934) एक मजकूर सतत फिरत असतो. त्यात तीन दावे असतात: नायक क्लार्क गेबलने शर्ट काढला तर आत बनियन नव्हता, म्हणून अमेरिकेत बनियनचा खप 75 टक्क्यांनी पडला, गरीब पत्रकाराने लाडावलेल्या श्रीमंत मुलीला वठणीवर आणलं, आणि प्रेमापुढे पैसा क्षुल्लक ठरला.

बनियनचं आधी उरकू. आकडा कधी 75 असतो, कधी 40. खप कुणी मोजला, कोणत्या वर्षाशी ताडला, हे कुठेच नसतं. शिवाय ती महामंदीची वर्षं. तेव्हा खप घटायला गेबलची छाती कशाला लागते?

वठणीवर आणण्याचा दावा सिनेमा लक्ष देऊन पाहिला की टिकत नाही. घरातून पळालेल्या एलीला, म्हणजे त्या श्रीमंत मुलीला, पत्रकार पीटर (गेबल) रस्त्यावर गाडी कशी थांबवायची याचे अंगठ्याचे तीन प्रकार मोठ्या तोऱ्यात शिकवतो. एकही गाडी थांबत नाही. एली स्कर्ट जरा वर घेते आणि पहिल्याच गाडीचे ब्रेक लागतात. श्रीमंतांना पोराला पाठुंगळीवरसुद्धा धड घेता येत नाही, हा पीटरचा ठाम समज. तोही तितकाच आडमुठा आहे. दोघंही एकमेकांकडून शिकतात.

खरी चूक तिसऱ्या दाव्यात आहे, कारण ही गोष्ट पैशावरच चालते. बॅग चोरीला गेल्यावर एलीकडे चार डॉलर उरतात, तरी ती चॉकलेटचा डबा घ्यायला निघते. पीटर तिला अडवतो. पुढे बसमध्ये एक बाई भुकेने कोसळते आणि तिच्या मुलाला मदत करताना यांचाही खिसा रिकामा होतो. 'जेरिकोच्या भिंती'पलीकडून, म्हणजे मुक्कामाच्या खोलीत दोघांमध्ये दोरीवर टाकलेल्या ब्लँकेटपलीकडून, एली प्रेम कबूल करते. तेव्हा पीटरला पहिली चिंता पडते ती रिकाम्या हाताने मागणी कशी घालायची याची. ती झोपलेली असताना तो संपादकाकडून 1,000 डॉलर आणायला न्यूयॉर्कला जातो. इकडे मुक्कामाच्या जागेचे मालक एलीला खोलीबाहेर काढतात आणि तिला वाटतं, हा सोडून गेला. सगळा गैरसमज इथून सुरू होतो.

एलीच्या वडिलांनी तिला शोधून देणाऱ्याला 10,000 डॉलरचं बक्षीस लावलेलं असतं. पीटर त्यांच्याकडे जातो ते फक्त आपला खर्च मागायला: रोख 8.60, ओव्हरकोट 15, सूटकेस 7.50, हॅट 4, तीन शर्ट 4.50. बेरीज 39.60. या वस्तू त्याने पेट्रोलसाठी विकलेल्या असतात. बक्षिसाला तो हात लावत नाही, पण स्वतःचा खर्च मात्र मागून घेतो. वडिलांना माणूस कळतो तो या हिशेबावरून. दुसऱ्याशी ठरलेल्या लग्नात वेदीकडे नेताना ते एलीच्या कानात हेच सांगतात आणि पळून जायचं असेल तर गाडी उभी आहे, असंही.