न्यू यॉर्कच्या सदर्न डिस्ट्रिक्ट कोर्टाबद्दलचा तो मेसेज खोटा आहे

अमेरिकेतल्या एखाद्या खटल्यात भारतीय माणसाचं किंवा कंपनीचं नाव आलं की एक मेसेज पुन्हा ग्रुपांवर फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: न्यू यॉर्कचं डिस्ट्रिक्ट कोर्ट हे तिथल्या राज्याचं खालच्या पायरीवरचं कोर्ट आहे. वॉल स्ट्रीटसाठी ते काढलं. तिथे खटला भरणारा आणि निकाल देणारा एकच असतो. न्यायाधीश राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीतले, सरकार बदललं की तेही बदलतात. म्हणून तिथे काय चाललंय याकडे लक्ष द्यायचं कारण नाही. चांगली शिकलेली माणसं हे न वाचता पुढे पाठवतात, याचा मला मनापासून त्रास होतो. यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी राज्याच्या कोर्टाचं. आपल्याकडे न्यायव्यवस्थेची शिडी एकच आहे. पुण्याचं जिल्हा न्यायालय घटनेच्या कलम २३५ नुसार मुंबई उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली चालतं, आणि त्याच्या वर सर्वोच्च न्यायालय. केंद्राचा कायदा असो की राज्याचा, खटला त्याच शिडीने वर जातो. अमेरिकेत अशा दोन शिड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. राज्याची कोर्टं वेगळी, संघराज्याची वेगळी. सदर्न डिस्ट्रिक्ट हे संघराज्याचं कोर्ट आहे. न्यू यॉर्क राज्याच्या सरकारचा किंवा तिथल्या वरिष्ठ न्यायालयांचा त्याच्यावर काडीचाही अधिकार नाही. मॅनहॅटनमध्ये फोली स्क्वेअरला गेलात तर दोन्ही शिड्यांच्या इमारती एकमेकींना लागून दिसतात: ४० क्रमांकाचं १९३६ सालचं, कॅस गिल्बर्टने आखलेलं मनोऱ्याचं संघीय कोर्ट, आणि शेजारी ६० सेंटर स्ट्रीटवर राज्याचं कोर्ट. २०२४ मध्ये ट्रम्प ३४ आरोपांवर दोषी ठरले तो खटला राज्याच्या कोर्टातला होता. लेखिका ई. जीन कॅरल यांनी त्यांच्यावर लावलेले दिवाणी दावे मात्र संघीय कोर्टात, म्हणजे सदर्न डिस्ट्रिक्टमध्ये चालले. आपल्याकडच्या बातम्यांत दोन्हीकडे ‘न्यू यॉर्कचं कोर्ट’ एवढंच छापून येतं.

शिवाय न्यू यॉर्क शहरातच संघीय डिस्ट्रिक्ट कोर्टं दोन आहेत. सदर्नकडे मॅनहॅटन, ब्रॉन्क्स आणि उत्तरेकडच्या सहा काउंट्या. ब्रुकलिन, क्वीन्स, स्टॅटन आयलंड आणि लाँग आयलंड ईस्टर्न डिस्ट्रिक्टकडे, जे १८६५ मध्ये वेगळं झालं. अदानी प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेलं आरोपपत्र ईस्टर्नमधलं, ब्रुकलिनचं. तरीही त्या आठवड्यात सदर्न डिस्ट्रिक्टच्या नावाने खडे फोडणाऱ्या पोस्ट मी वाचल्या.

वॉल स्ट्रीटसाठी कोर्ट काढलं, हे तर इतिहासाच्या साफ उलट आहे. २४ सप्टेंबर १७८९ ला न्यायव्यवस्थेचा पहिला कायदा झाला आणि त्याने देशाचे १३ न्यायिक जिल्हे पाडले. त्यातल्या न्यू यॉर्क जिल्ह्याचं कोर्ट त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला भरलं. न्यायाधीश होते जेम्स डुएन, त्याआधी शहराचे महापौर. नव्या राज्यघटनेखाली भरलेलं हे देशातलं पहिलं कोर्ट. खुद्द सर्वोच्च न्यायालयाची पहिली बैठक त्यानंतर, फेब्रुवारी १७९० मध्ये झाली. तिथले वकील आजही या कोर्टाला ‘मदर कोर्ट’ म्हणतात ते यामुळेच. १८१४ मध्ये राज्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, तेव्हा ‘सदर्न’ नाव आलं.

आणि तिथे काम कसलं चालायचं? बंदराचं. जहाजं, मालवाहतूक, खलाशांचा पगार, जकात. त्या काळात केंद्र सरकारचा बहुतेक महसूल जकातीतून यायचा, म्हणून बंदरावर केंद्राचं स्वतःचं कोर्ट असणं निकडीचं होतं. पहिला दावा लोखंडी सामानाच्या तीन पेट्यांवर होता. माणसावर नव्हे, थेट पेट्यांवर, कारण जकातीच्या कायद्यात माल हाच प्रतिवादी होऊ शकतो. टायटॅनिक बुडाल्यावर जहाजाच्या ब्रिटिश मालक कंपनीने आपली भरपाईची जबाबदारी मर्यादित करून घेण्यासाठी अर्ज केला तोही याच कोर्टात. अमेरिकी कायद्याप्रमाणे ती मर्यादा वाचलेल्या होड्या आणि वसूल झालेलं भाडं यांच्या किमतीपुरती, म्हणजे सुमारे ९२ हजार डॉलर येत होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि त्याने १९१४ मध्ये अमेरिकी कायद्याचा आधार घेण्याची मुभा कंपनीला दिली. शेअरबाजाराचे मोठे खटले इथे येतात हे खरं आहे: २०१२ मध्ये रजत गुप्ता इथेच दोषी ठरले, २००९ मध्ये मॅडॉफला इथेच १५० वर्षांची शिक्षा झाली. पण बाजार त्या हद्दीत आहे म्हणून ते खटले येतात. कोर्टाचा जन्म धक्क्यावरचा आहे.

आता सगळ्यात घातक विधान: खटला भरणारा आणि निकाल देणारा एकच. यावर मला सविस्तर लिहायचंय, कारण या बाबतीत आपल्याच माणसाचं उदाहरण समोर असताना हे बोललं जातं. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या देवयानी खोब्रागडे न्यू यॉर्कमध्ये भारताच्या उपमहावाणिज्यदूत होत्या. घरकामगाराच्या व्हिसा अर्जात चुकीची माहिती दिल्याच्या आरोपावरून १२ डिसेंबरला त्यांना अटक झाली. अटक केली अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी. खटला भरला यूएस ॲटर्नी, म्हणजे त्या जिल्ह्यातले केंद्राचे मुख्य सरकारी वकील, प्रीत भरारा यांच्या कार्यालयाने. हे कार्यालय केंद्र सरकारचं, कार्यकारी शाखेचं. ते कोर्टाचा भाग नाही. बातम्यांत दोघांनाही ‘सदर्न डिस्ट्रिक्ट’ म्हणतात आणि घोळ तिथेच होतो. त्याच दिवशी खोब्रागडे यांना मॅजिस्ट्रेट जजसमोर उभं केलं गेलं आणि अडीच लाख डॉलरच्या बाँडवर त्या सुटल्या. हे मॅजिस्ट्रेट जज डिस्ट्रिक्ट जजच आठ वर्षांसाठी नेमतात. जामीन आणि सुरुवातीची कामं ते पाहतात.

८ जानेवारी २०१४ ला खोब्रागडे यांना संयुक्त राष्ट्रांतल्या भारतीय शिष्टमंडळातल्या पदामुळे पूर्ण राजनैतिक संरक्षण मिळालं. दुसऱ्या दिवशी ग्रँड ज्यूरीने, म्हणजे आरोपपत्र द्यायचं की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या गटाने, आरोपपत्र दिलं. १२ मार्चला न्यायाधीश शिरा शेंडलिन यांनी ते आरोपपत्र रद्द केलं. आरोपपत्र आलं त्या दिवशी खोब्रागडे यांना संरक्षण होतं, म्हणून ते चालणार नाही, एवढाच नेमका मुद्दा. सरकारी वकील आणि कोर्ट एकच असते तर हा आदेश आला असता का? भरारांच्या कार्यालयाला तो मान्य नव्हता. पण पुढे काय करायचं ते त्यांना ग्रँड ज्यूरीकडे पुन्हा जाऊनच करावं लागलं, आणि १४ मार्चला नवं आरोपपत्र आलं. तो निर्णय ज्यूरीचा. १६ ते २३ सामान्य नागरिक, त्यातल्या किमान १२ जणांची संमती लागते. आरोपपत्र आलं म्हणजे ‘अमेरिकेच्या कोर्टाने दोषी ठरवलं’ असं लिहिणारेही तितकेच चुकतात. दोषी ठरवायला वेगळी १२ जणांची ज्यूरी लागते, तीही एकमताने. आरोपीने स्वतःच गुन्हा कबूल केला, किंवा सरकार आणि कोर्टाच्या संमतीने ज्यूरीचा हक्क सोडला, तर ती लागत नाही.

न्यायाधीश सरकारबरोबर बदलतात, हे यूएस ॲटर्नीच्या बाबतीत खरं आहे. मार्च २०१७ मध्ये भरारांना राष्ट्राध्यक्षांनीच काढलं. न्यायाधीशाला असं काढता येत नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मंजुरी देतं, आणि मग नेमणूक तहहयात. पगार कमी करता येत नाही, काढायचं तर महाभियोगच. या कोर्टात न्यायाधीशांची मंजूर पदं २८ आहेत. मुख्य न्यायाधीशपदही राष्ट्राध्यक्षांच्या हातात नाही. ते वयाची अट पाळून ज्येष्ठतेनुसार जातं, जास्तीत जास्त सात वर्षांसाठी. खटला कोणाकडे जाणार हेही कोणी ठरवत नाही. फौजदारी प्रकरणात मॅजिस्ट्रेट जज भर कोर्टात चिठ्ठी काढतात आणि जे नाव निघेल त्या न्यायाधीशाकडे खटला जातो.

मरी गर्फाइन यांचं उदाहरण मला यात सर्वांत बोलकं वाटतं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७१ मध्ये त्यांना इथे न्यायाधीश नेमलं. ते नुकतेच खुर्चीत बसले होते आणि निक्सन सरकारचाच दावा त्यांच्यापुढे आला: व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं छापण्यापासून न्यू यॉर्क टाइम्सला रोखा. गर्फाइन यांनी काही दिवसांची तात्पुरती मनाई दिली, दोन्ही बाजू ऐकल्या, आणि १९ जूनला सरकारची मागणी फेटाळली. ३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी वृत्तपत्राच्या बाजूने निकाल दिला. नेमणाऱ्याला न घाबरता निकाल देणारी खुर्ची कशी असते, ते यात दिसतं.

मेसेजच्या शेवटी एक पुरवणीही असते, की तिथला एक न्यायाधीश म्हणेल तोच अख्ख्या देशाचा कायदा. इथल्या एका न्यायाधीशाचा निकाल शेजारच्या खोलीतल्या न्यायाधीशावरही बंधनकारक नसतो. अपील सेकंड सर्किटकडे जातं, जे न्यू यॉर्क, कनेटिकट आणि व्हरमाँट या तीन राज्यांतली अपिलं ऐकतं, आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालय. देशभर लागू होणारे मनाईहुकूम काही डिस्ट्रिक्ट न्यायाधीश देत होते, हे खरं. पण जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार बराच आवळला. आता सर्वसाधारणपणे दाद मागणाऱ्याला पुरेसा दिलासा मिळेल एवढाच हुकूम देता येतो.