टुटाचं नाव बदललंय

तुमच्या लेखात टोमॅटोवरच्या नागअळीची (पानं पोखरणाऱ्या अळीची) माहिती छान दिली आहे, पण तिच्या नावाबद्दल थोडं लिहावंसं वाटलं. लेखात तिचं शास्त्रीय नाव 'टुटा अ‍ॅब्सोल्युटा' असं आहे. या अळीचा पतंग जेमतेम ५ ते ७ मिलिमीटरचा. पेरू देशातून आलेल्या नमुन्यांवरून एडवर्ड मेरिक यांनी १९१७ साली त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं 'थॉरिमिया अ‍ॅब्सोल्युटा'. मेरिक इंग्लंडमध्ये शाळामास्तर होते आणि त्यांनी हजारो बारीक पतंगांना नावं दिली! पुढे प्रजातिनाम, म्हणजे नावातला पहिला शब्द, चार वेळा बदललं, 'टुटा' आलं ते १९९४ मध्ये. २०२१ साली अभ्यासकांनी पुन्हा मूळ 'थॉरिमिया'च योग्य ठरवलं. बटाट्यावरची पाकोळीही त्याच प्रजातीतली, म्हणजे दोघी सख्ख्या नात्यातल्या. ही अळी बटाटा, वांग्यावरही का दिसते, ते यातून चटकन लक्षात येतं.

प्रसाराबद्दल एक भर: दक्षिण अमेरिकेबाहेर ती २००६ साली स्पेनमध्ये सापडली आणि अवघ्या आठ वर्षांत, २०१४ मध्ये, आपल्या पुण्यापर्यंत पोहोचली. भारतातली पहिली नोंद महाराष्ट्रातलीच आहे, ती लेखात यायलाच हवी होती. दोन्ही नावं शेजारी छापावीत ही विनंती. जुनी माहिती 'टुटा'खाली आणि नवी 'थॉरिमिया'खाली सापडते, आणि शोधणाऱ्या शेतकऱ्याची त्यात फार ओढाताण होते.