'उंबरठा' तेव्हा कळला नव्हता, तरी...
'न कळणारे सिनेमे दाखवून मुलांचा वेळ वाया जातो' हे एका लेखात वाचलेलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. जब्बार पटेलांचा 'उंबरठा' (१९८२) मी नऊ वर्षांची असताना शेजारच्या काकूंकडे टीव्हीवर पाहिला. लहान मुलीला घरी ठेवून सुधारगृहाच्या नोकरीवर निघालेल्या स्मिता पाटीलचा मला भयंकर राग आला होता. बाकी काही कळलं नाही. पण मेथी निवडता निवडता आईचे हात थांबले होते, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

आईने माझ्यासाठी नोकरी सोडली होती, हे खूप नंतर समजलं. बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू झाले त्या आठवड्यात तोच सिनेमा पुन्हा लावला, आणि मध्येच उठून आईला फोन केला.